दवाखान्याची पिशवी : तारीख ऑगस्टची, गाव चिखली. काय काय भरू?

मोठी_वैनी
नमस्कार मंडळी. माझ्या नणंदेचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं, म्हणजे तिच्या माहेरी कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला आहे. डॉक्टरांनी ८ ऑगस्ट तारीख दिलीय. दवाखाना खासगी, शाहूपुरीत ठरलाय.

ती पुण्याहून आली तीच दोन मोठ्या बॅगा घेऊन. मोबाईलवर कुठली तरी यादी आहे, साठ-पासष्ट वस्तूंची. दूध काढायचं मशीन, बाटल्या उकळायचं भांडं, हातमोजे, पायमोजे, वाइप्सची पाकिटं, आईसाठी वेगळी उशी. आत्तींचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, म्हणणं बरोबर उलटं. बाळ हातात येईपर्यंत घरात नवं टोपडंसुद्धा आणायचं नाही, लागेल ते ऐनवेळी महाद्वार रोडवरून आणता येतंय. दोघीही मला जवळच्या आहेत आणि पिशवी भरायचं काम माझ्याकडं आलंय. ते मला नीट करायचंय.

तर खरोखर काय लागतं, किती लागतं आणि कधी भरून ठेवायचं? पावसाळ्यात बाळंतपण झालेल्यांनी जरूर लिहा.

रंकाळाकाठ
सुती कपडे, सुती कपडे आणि सुती कपडे. बाकी सगळं कोल्हापुरात रात्री दहापर्यंत मिळतंय.

चप्पल_लाईन
आणि बाळ सव्वादहाला आलं तर? 😀

रंकाळाकाठ
तर त्याला सांगायचं, बाबा रे, सकाळी दुकानं उघडेपर्यंत दम काढ. चेष्टा सोडा, पण पॅड आणि डायपर दवाखान्याच्या औषध दुकानात मिळतातच. तेवढ्यासाठी दोन बॅगा नकोत.

वॉर्डातली_ताई
मोठी वैनी, मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. पिशवी भरणारी बाई वेगळी असते आणि उघडणारी वेगळी. तुमची नणंद टेबलावर असेल, तुम्ही कदाचित घरी असाल, आणि पिशवीत हात घालणार तिचा नवरा नाहीतर आमच्यातली कुणीतरी. त्याला एका मिनिटात वस्तू सापडली पाहिजे. म्हणून एक मोठी बॅग नको, तीन छोट्या पिशव्या करा.

पहिली कागदांची. माता-बाल कार्ड, सगळे सोनोग्राफी रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, एचआयव्ही आणि काविळीचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी, दोघांचं आधार कार्ड, विमा असेल तर त्याचं कार्ड. एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा. ही पिशवी कायम तिच्याजवळ, साध्या तपासणीला जातानाही.

दुसरी बाळाच्या पहिल्या तासाची. हातात मावेल एवढी कापडी पिशवी, नाडीची असली तर उत्तम. तीत मऊ सुती फडकी किमान दोन, एक झबलं, एक टोपडं, दोन लंगोट आणि एक जाड दुपटं. फडकी दोन कशाला, तर बाळ बाहेर आलं की पहिल्यानं पुसतात आणि ते ओलं फडकं लगेच बाजूला टाकून दुसऱ्या कोरड्यात घेतात. ओल्यात राहिलं की बाळ बघता बघता गार पडतं. टोपडंही त्याचसाठी, अंगाच्या मानानं बाळाचं डोकं मोठं, तिथनं ऊब फार जाते. सगळं ठीक असेल तर बाळाला आईच्या छातीवर उघड्या अंगानं ठेवून वरून दुपटं घालतो. त्या वेळी झबल्याचीसुद्धा गरज नसते. आंघोळ पहिल्या दिवशी घालायची नाही.

लेबर रूमच्या दारातून मावशी हाक मारतात, "बाळाचे कपडे द्या." बाहेर नातेवाईक बाकावर सूटकेस उपडी करून बसलेले असतात. साड्या, स्वेटर, फरसाणचा पुडा, चार्जर, सगळं बाहेर येतं, फक्त टोपडं सापडत नाही. तेवढ्यासाठी ही वेगळी पिशवी.

तिसरी आईची. समोरून उघडणारे गाऊन तीन-चार, परकर, मोठे पॅड (नेहमीचे पातळ पुरत नाहीत, पहिले दिवस अंगावरून भरपूर जातं), सैल सुती चड्ड्या आणि त्याही कमरेच्या वर येणाऱ्या. सिझर झालं तर इलॅस्टिक नेमकं टाक्यांवर बसतं, म्हणून. न घसरणाऱ्या चपला, टॉवेल, कंगवा, दात घासायचं सामान, स्वतःचं ताट-वाटी-चमचा, थर्मास, लांब वायरचा चार्जर.

काय आणू नये तेही सांगते. दुधाची बाटली, पावडरचा डबा, काजळ, अंगाला लावायची पावडर, मध. आणि सोनं. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी घरीच काढून या. नखांचं पॉलिशही काढा, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र त्यावर नीट वाचत नाही.

पेठेतला_बाप
ताई, तुमच्या पायाला हात लावतो. हे आमच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर!

आमच्या हिनं मात्र प्रत्येक पिशवीवर कागद चिकटवून मार्करनं लिहिलं होतं: "बाळ – पहिलं", "माझं", "तुझं". त्यामुळं मला कुणाला विचारावं लागलं नाही. या "तुझं" पिशवीबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. बरोबर थांबणाऱ्या माणसालाही चादर, एक जोड कपडे, पाण्याची बाटली, डासांची क्रीम आणि थोडी रोकड लागते. रात्री अडीचला रिक्षावाल्याला क्यूआर कोड शोधायला लावायचा नसतो.

आणि रक्ताचं बघून ठेवा. वहिनींचा रक्तगट कुठला ते घरातल्या चौघांना पाठ पाहिजे. त्या गटाचे दोन मित्र त्या आठवड्यात कोल्हापूर सोडून जाणार नाहीत एवढं मी पाहून ठेवलं होतं. रक्त लागलं नाही, पण त्या दोघांना मिसळ माझ्याकडून ठरली ती ठरलीच.

चप्पल_लाईन
मित्र असावेत तर असे. आमचे असते तर त्यांनी आधी मिसळ खाल्ली असती.

आजऱ्याची_लेक
मी जरा वेगळं बोलतो. आमच्यात आजी गुटी उगाळती, सहाण आणि वेखंड-हळकुंड घेऊनच दवाखान्यात येती. मधाचं बोट आमच्या घरात सगळ्या पोरांना लावलंय, मलाबी. काय झालं नाही कुणाला. सगळंच बंद करा म्हटलं की म्हाताऱ्या माणसाला वाटतं आपलं कामच उरलं नाही. ते बी बघाय पायजे की.

वॉर्डातली_ताई
आजऱ्याची लेक, आजींचं मन राखायला माझी ना नाही. पण मध एक वर्षाच्या आत नाहीच. मधात एका जिवाणूचे बीजकण असू शकतात. मोठ्या माणसाला त्यांचं काही होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. हे क्वचित होतं, पण ज्या घरात होतं तिथं मागं फिरता येत नाही. पहिले सहा महिने आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. पहिल्या तासात छातीला लावा, चिकाचा एक थेंब वाया घालवू नका. पिवळसर, घट्ट आणि चमचाभरच असतो, म्हणून घरातल्यांना वाटतं दूधच येत नाही. बाळाचं पोटही तेवढंच असतं.

आजींना काम भरपूर आहे. बाळंतिणीची शेक-शेगडी, खाणं, अंग रगडणं. त्यात आम्हाला काय येतंय त्यांच्याइतकं?

कसबा_बावडा
बाटलीबद्दल एवढं कडक राहू नका असं मला वाटतं. माझ्या मुलाची साखर जन्मल्यावर कमी आली होती आणि डॉक्टरांनीच दोन वेळा पावडरचं दूध सांगितलं. तेव्हा माझ्या सासूबाईंनी मला काय काय ऐकवलं ते मलाच माहीत. ज्या आईला दूध उशिरा येतं तिला हे असलं वाचून अपराधी वाटतं.

वॉर्डातली_ताई
बरोबर बोललात. डॉक्टरांनी तपासून सांगितलं तर ते औषध समजायचं आणि वाटी-चमच्यानं द्यायचं, त्यात आईचा काही दोष नाही. माझं म्हणणं एवढंच की डबा आणि बाटली घरातून भरून आणू नका. पिशवीत असला की रात्री तीनला बाळ रडल्यावर कुणीतरी काढतंच. या पावडरच्या जाहिरातीवर आणि फुकट नमुने वाटण्यावर आपल्याकडं १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, ती उगीच नाही.

भवानी_मंडप
आत्तींच्या "नवं आणायचं नाही" यावर: त्यांचं ऐका, तुमचं काम सोपंच होतंय. धडधाकट वाढलेल्या पोराची जुनी झबली मागून आणा. दहा वेळा धुतलेलं कापड नव्यापेक्षा मऊ असतं, नव्याला खळ असते, ती बाळाला टोचते. आत्तींच्या जुन्या सुती लुगड्याचे चौकोन फाडायला सांगा, त्यांच्याच हातानं. धुऊन, वाळवून, घड्या घालून त्यांनीच ती पिशवी भरू दे. नणंदबाईंना विकत घ्यायची हौस असेल तर स्वतःचे गाऊन आणि चपला घेऊ देत, त्याला कुणाची आडकाठी नाही.

फक्त एक. आपल्या ऑगस्टमध्ये कपडे वाळत नाहीत. दोरीवर दोन-दोन दिवस दमट राहतात आणि कुबट वास येतो. उन्हाळ्यात दीड डझन लंगोटांत भागतं, पावसाळ्यात तीन डझन ठेवा आणि प्रत्येक कपडा इस्त्री करून कोरडा करा. जूनमध्ये मिळेल त्या उन्हात वाकळा, दुपटी वाळवून घ्या. मी खोलीत पंख्याखाली दोरी बांधून दिवस काढलेत.

रंकाळाकाठ
बघा, फिरून सुती कपड्यांवरच आलात.

थोरला_दवाखाना
सगळे खासगीचं बोलतायत म्हणून सरकारीचं लिहिते. माझं बाळंतपण सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात झालं, सिझर. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत. हा २०११ पासून आहे आणि १०२ ची गाडी घरून न्यायला आणि परत सोडायलाही असते, तीही फुकट. म्हणून पिशवीत औषधाचं काही नको, पण ताट-वाटी, तांब्या, बादली-मग, दोन चादरी आणि वाकळ घरची न्यावी. वॉर्डात खाटेखाली एकच पिशवी मावते, दुसरी सतत पायात येते. आणि बरोबर बाईमाणूस ठेवा. कळांच्या वेळी जवळ एक बाई थांबू द्यायला सरकारनं २०१६ पासून परवानगी दिलीय. माझी मावशी पाठ चोळत होती, त्या एका हातानं मला जेवढा धीर आला तेवढा कशानं आला नाही.

पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये असतात. त्याला आईच्या स्वतःच्या नावाचं, आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. पासबुकाची झेरॉक्स फाईलमध्ये टाका.

शिरोळची_सून
मोठी वैनी, तुम्ही गाव लिहिलंत आणि तारीख लिहिलीत, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. वरचं सगळं बरोबर आहे, पण तुमची खरी अडचण पिशवी नाहीच.

२०१९ च्या ऑगस्टात माझी जाऊ नऊ महिन्यांची होती. तिचा दवाखाना ठरलेला, डॉक्टर ओळखीचे, बॅग दाराजवळ तयार. पाणी असं चढलं की कोल्हापूरचा रस्ता बंद, शिरोलीजवळ हायवे बंद. आम्हाला बोटीतून काढलं. बोटीत माणसं आधी, बॅग घरातच राहिली. जाऊबाईंनी फाईल मात्र जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरली होती. ज्या दवाखान्यात पोचलो तिथं तिला कुणीच कधी तपासलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडली, पहिल्याच पानावर रक्तगट ओ निगेटिव्ह. बाळ पॉझिटिव्ह निघालं. अशा वेळी आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं, नाहीतर पुढच्या बाळाला त्रास होऊ शकतो. त्यांनी ते वेळेत मागवलं आणि दिलं. झबली शेजारच्या खाटेवरच्या बाईनं दिली. कपडे कुणीही देतं. कागद कुणी देऊ शकत नाही.

पेठेतला_बाप
🙏

कसबा_बावडा
अगदी खरं. आणि फाईलमधल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरातल्या तिघा-चौघांच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. मूळ कागद भिजले तरी फोटो राहतात.

गावची_आशा
मी करवीर तालुक्यातच आशा आहे, नदीकाठच्या गावात. पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही गरोदर बायांची तारखेप्रमाणे यादी करतो आणि जवळ आलेल्यांना पाणी चढायच्या आधी हलवायला लावतो. सगळ्यात अवघड तेच काम. घरची म्हणतात, "अजून तर तारीख लांब आहे" नाहीतर "जनावरं टाकून कुठं जायचं?" अहो, जनावरांना थांबायला एक माणूस पुरतो, बाईला कशाला थांबवता?

चिखली-आंबेवाडीचं तुम्हाला माहीतच आहे. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथनं नदी पात्राबाहेर आली, की पन्हाळा रोडवर पाणी येतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला इशारा ३९ फुटांचा, धोका ४३ चा. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. २०१९ ला ऑगस्टचा पहिला पंधरवडा होता, २०२१ ला जुलैचा शेवट. तुमची तारीख नेमकी त्यात बसते. नणंद पुण्याची, म्हणून तुमच्या आशाताईंच्या यादीत नाव नसेल. आजच जाऊन घाला. माहेरी आलेल्या लेकींचीच नावं सुटतात.

वॉर्डातली_ताई
आशाताईंना माझा दुजोरा. वैनी, हिशेब करून देते. ८ ऑगस्ट म्हणजे ४० आठवडे. १८ जुलैला ३७ भरतात, तिथून पुढं कधीही बाळ आलं तरी ते वेळेवरच. तारखेलाच येणारी बाळं थोडी. म्हणून पिशव्या ४ जुलैपर्यंत भरा आणि ११ जुलैच्या सुमाराला तिला नदीच्या अलीकडं, शहरात आणा. नळाला पाणी, वर छप्पर आणि दवाखाना रिक्षाच्या अंतरावर, एवढं असलेली नातलगाची एक खोली बास.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं (हिरवट असेल तर अजिबात थांबायचं नाही), बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं फार ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, यातलं एक जरी झालं तरी पिशवी शोधत बसायचं नाही. १०८ लावा नाहीतर मिळेल ती गाडी, वडाप का असेना, आणि निघा.

चप्पल_लाईन
या धाग्यावर चेष्टा करायला आलो होतो, बायकोला वाचायला पाठवला. आमची तारीख डिसेंबर आहे.

भवानी_मंडप
अभिनंदन! डिसेंबर म्हणजे स्वेटर आणि पायमोजे. लोकरीचं थेट अंगाला नको, आत सुती.

आजऱ्याची_लेक
अभिनंदन भावा. अळीव आत्तापास्नं साठवू नका, जुनं खवट लागतंय. आणि डिंकाचे लाडू दवाखान्यात भरून न्यायची लोकांना लई घाई असती. पहिल्या दिवशी बाईला ते पचत न्हाईत. ताई, आजीला मधाचं सांगितलं. आधी रागावली, मग म्हणाली, "बरं, मी तेल लावीन, त्याला तर ना न्हाई न्हवं?"

पेठेतला_बाप
आमच्या आईनं दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या रश्शाचा डबा आणला होता. अख्खा मजला वासानं जागा झाला आणि सिस्टर येऊन म्हणाल्या, बाळंतिणीला चार दिवस थांबा. तो डबा कुणी संपवला ते सांगायला नको.

मोठी_वैनी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरात बसून सगळं वाचून दाखवलं. शिरोळच्या वहिनींचं वाचताना आत्ती गप्प झाल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, राजारामपुरीत माझ्या बहिणीकडं वरची खोली रिकामी आहे, जुलै लागला की पोरीला तिकडं नेऊन ठेवू. मी हेच कसं काढावं या विचारात होते. सोबतीला आत्ती जाणार, जनावरांना मामंजी आणि आमचे हे थांबणार. आशाताईंकडं सकाळीच नाव घालून आले.

लुगडी फाडायला काढलीत. नणंदेनं यादीतलं मशीन आणि बाटल्यांचं भांडं खोडलं, वाइप्सचं एक पाकीट ठेवलंय, तेवढं असू दे. तिचा रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे, तो फाईलच्या पहिल्या पानावर लिहिला.

आता एक शंका उरली. तिचं आधार अजून माहेरच्या नावावर आहे आणि दवाखान्याची फाईल सासरच्या. पुढं जन्मदाखल्याला त्रास होईल का?

थोरला_दवाखाना
होऊ शकतो, आत्ताच मिटवा. जन्माची माहिती दवाखानाच कळवतो, २१ दिवसांच्या आत नोंद व्हावी लागते. त्या फॉर्मवर आई-वडिलांचं नाव जसं लिहाल तसंच दाखल्यावर येतं. नंतर दुरुस्तीला हेलपाटे. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, सगळीकडं हा दाखलाच महत्त्वाचा झालाय. एक तर आधार बदलून घ्या, नाहीतर दवाखान्यात सांगून फाईलवरचं नाव आधारप्रमाणे करून घ्या. कुठलंही चालेल, पण सगळीकडं एकच, स्पेलिंगसकट. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी अडत नाही, नावाशिवाय नोंद होते आणि वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं.

मोठी_वैनी
मग फाईलच बदलून घेतो, सोमवारी तपासणी आहेच. तिच्या आधारची आणि भाऊजींच्या आधारची झेरॉक्स बरोबर नेते.

वॉर्डातली_ताई
स्पेलिंग एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फाईलच्या आत चिकटवा. फॉर्म भरायच्या वेळी तुम्ही तिथं नसाल.